राखून ठेवलेली जागा

नोव्हेंबर २०१७मध्ये 'मार्का' या स्पेनमधल्या क्रीडा दैनिकात एका पायाचा फोटो आला. उजवा पाय, घोट्याच्या मागची बाजू. शिवणीचे वण, ओढली गेलेली कातडी, आणि मध्ये वेगळ्याच रंगाचा एक तुकडा. त्या तुकड्यावर टॅटूची अर्धवट अक्षरं. ती अक्षरं मूळची पायावरची नव्हती, डाव्या हातावरून आली होती. त्या माणसाने हातावर आपल्या मुलीचं नाव गोंदवून घेतलं होतं. घोटा झाकायला कातडी हवी होती, म्हणून डॉक्टरांनी ती हातावरून काढली आणि नावाचा काही भाग तिच्यासोबत खाली गेला. मुलीचं नाव आहे इंडिया.

पाय सांती काझोर्लाचा होता. तुम्ही फुटबॉल बघत नसाल तरी हा फोटो तुमच्या फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. त्याची रील्स भरपूर आहेत. आधी जखमेचा फोटो, मग पियानो, मग स्लो मोशनमध्ये गोल, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'हार मानू नका'. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला हे रील वेगवेगळ्या पाच जणांनी पाठवलं. पाचही जणांचा हेतू चांगला होता.

पण मी काझोर्लाला २०१२पासून बघत आलेय. आणि त्या रीलमधून बरीच माणसं गळाली आहेत, असं मला प्रत्येक वेळी वाटत राहिलं. त्यात एक माणूस आहे, त्याची जखम आहे आणि त्याची इच्छाशक्ती आहे. बाकी कुणीच नाही. खरी गोष्ट तशी नाहीये.

*

सांती काझोर्ला १३ डिसेंबर १९८४चा. स्पेनच्या उत्तरेला आस्तुरिआस नावाचा प्रांत आहे. डोंगराळ, पावसाळी, कोळशाच्या खाणींचा. त्या प्रांतातल्या यानेराचा हा मुलगा. शेजारचं मोठं शहर ओव्हिएडो आणि तिथला क्लब रेआल ओव्हिएडो. काझोर्ला तिथल्याच अकादमीत वाढला. वरच्या संघाकडून खेळायचं हे त्याचं स्वप्न होतं, आणि ते अगदी आवाक्यातलं होतं.

पण तो वयात येईपर्यंत क्लबच बुडाला. ओव्हिएडो २००१मध्ये पहिल्या दर्जाच्या लीगमधून, म्हणजे ला लीगामधून खाली आला होता. २००३मध्ये तो दुसऱ्या दर्जातूनही घसरला. त्यात खेळाडूंचे पगार थकलेले. त्यामुळे नियमानुसार त्याला आणखी एक पायरी खाली ढकललं गेलं, थेट चौथ्या दर्जात. अठरा वर्षांच्या काझोर्लाला तिथे थांबण्यात अर्थ उरला नाही. तो व्हियारेआलला गेला. ज्या क्लबने त्याला घडवलं, त्याच्या मुख्य संघाकडून त्याने एकही सामना खेळला नव्हता.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगते, कारण ती रीलमध्ये नसते. व्हियारेआल हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव, पण त्याच्या क्लबने त्या काळात मोठमोठ्यांना घाम फोडला होता. काझोर्ला तिथे तयार झाला. एक हंगाम दक्षिणेतल्या वेल्व्हा गावच्या रेक्रिआतिव्होकडून खेळला. हा संघ तेव्हा नुकताच वरच्या लीगमध्ये आलेला, तरी आठवा आला. मग काझोर्ला व्हियारेआलला परतला आणि २००७-०८च्या हंगामात व्हियारेआल ला लीगामध्ये दुसरं आलं, बार्सिलोनाच्याही वर. त्याच उन्हाळ्यात तो स्पेनच्या संघातून युरो २००८ खेळायला गेला.

त्या स्पर्धेतली एक गोष्ट मला फार आवडते. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनसमोर इटली होती. साठाव्या मिनिटाच्या आसपास स्पेनने दोन मिडफिल्डर बदलले. झावीच्या जागी फाब्रेगास आला आणि इनिएस्ताच्या जागी काझोर्ला. सामना गोलशून्य राहिला, पेनल्टी शूटआउट झालं. स्पेनची दुसरी पेनल्टी काझोर्लाने मारली आणि गोल केला. स्पेन जिंकला, पुढे युरोही जिंकला. झावी, इनिएस्ता, चाबी आलोन्सो, बुस्केट्स, दाविद सिल्वा, फाब्रेगास, माता. ज्या पिढीत एवढी नावं आहेत, त्या पिढीत मिडफिल्डर म्हणून जन्म घेणं म्हणजे कायम कुणाच्या तरी जागी मैदानात जाणं. काझोर्ला स्पेनकडून ८१ सामने खेळला, १५ गोल केले, दोन युरो जिंकला. २०१०च्या विश्वचषकाच्या वेळी मात्र त्याची पाठ दुखावलेली होती. स्पेनने जिंकलेला तो विश्वचषक त्याने घरी बसून पाहिला.

२०११मध्ये त्याला मालागाने विकत घेतलं. कतारी मालक, भरपूर पैसा, मोठी स्वप्नं. पहिल्याच वर्षी मालागा ला लीगामध्ये चौथं आलं आणि चॅम्पियन्स लीगमध्ये पोचलं. आणि मग पैशाचा नळ बंद झाला. पगार थकले, खेळाडू विकायला काढले. ऑगस्ट २०१२मध्ये काझोर्ला लंडनला आर्सेनलमध्ये आला. क्लबचे पैसे संपले म्हणून निघावं लागण्याची ही त्याची दुसरी वेळ.

*

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. चित्र अडकत होतं, आवाज आधी आणि गोल नंतर अशी अवस्था. तरी एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस डावरा आहे की उजवा, ते कळेना. एक कॉर्नर उजव्या पायाने, दुसरा डाव्या. पास कधी इकडून, कधी तिकडून. आम्ही मुली अर्धा तास त्यावर पैज लावून बसलो होतो. शेवटी इंटरनेटवर शोधलं, तर तिथेही लोक हाच वाद घालत होते.

काझोर्ला बुटका. उंची जेमतेम साडेपाच फूट. इंग्लंडच्या लीगमध्ये त्याच्या अंगावर धावून येणारे बहुतेक जण त्याच्यापेक्षा एक डोकं उंच. मी पाच फूट एक इंच. त्यामुळे तो कसा सुटतो, हे मी अभ्यासासारखं बघायचे. चेंडू पायाशी आला की अंगावर येणाऱ्या माणसाला तो अगदी शेवटच्या क्षणापर्यंत येऊ द्यायचा. मग कमरेतून एक छोटा हेलकावा, चेंडू दुसऱ्या पायाकडे, आणि तो माणूस भलतीकडेच गेलेला. त्याला वेगाची गरज पडायची नाही, कारण दोन्ही दिशा कायम उघड्या असायच्या. दोन्ही पाय सारखे चालणाऱ्या माणसाला अडवताना कुठली बाजू बंद करायची?

आर्सेनलच्या चाहत्यांना १७ मे २०१४ हा दिवस पाठ आहे. एफए कपची फायनल, वेम्ब्ली, समोर हल सिटी. आर्सेनलने नऊ वर्षांत एकही चषक जिंकला नव्हता, आणि पहिल्या आठ मिनिटांत हलने दोन गोल केले. सतराव्या मिनिटाला आर्सेनलला लांबून फ्री किक मिळाली आणि काझोर्लाने ती वरच्या कोपऱ्यात मारली. सामना तिथून फिरला. मग कोसेल्नीने बरोबरी साधली आणि जादा वेळेत रॅमसीने विजयी गोल केला. आमच्या खोलीत चार जणींनी एकमेकींचे केस ओढले.

पण त्या आनंदाच्या दिवसांतही त्याचा घोटा दुखत होता, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. सप्टेंबर २०१३मध्ये चिलीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याच्या उजव्या घोट्यावर मार बसला होता. ते दुखणं घेऊनच तो खेळत राहिला. अंग गरम असेपर्यंत पाय चालायचा. मध्यंतरात अंग थंड झालं की डोळ्यांतून पाणी यायचं, असं त्याने नंतर मुलाखतींत सांगितलं. तीन वर्षं तो असा खेळला.

*

१९ ऑक्टोबर २०१६. चॅम्पियन्स लीग, समोर बल्गेरियाचा लुडोगोरेट्स. आर्सेनल ६-० जिंकलं. काझोर्ला दुसऱ्या अर्धात दुखऱ्या पायाने बाहेर गेला. आर्सेनलसाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला.

पुढे जे झालं ते वाचताना पोटात खड्डा पडतो. ऑपरेशन झालं, पण जखम भरेना. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा तेच. टाके घालावेत आणि काही दिवसांनी उसवावेत. शेवटी तो स्पेनला, विटोरिया शहरातल्या मिकेल सांचेझ या सर्जनकडे गेला. जखमेत जंतू शिरले होते. त्यांनी हाड पोखरलं होतं आणि टाचेमागचा जो जाड टेंडन असतो, अकिलीस, त्याचा तब्बल आठ सेंटिमीटर भाग खाऊन टाकला होता. बोटांनी मोजून बघा, आठ सेंटिमीटर म्हणजे चार बोटांहून जास्त. पाय कापावा लागेल की काय, इथवर गोष्ट आली होती. त्याआधी एका डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, मुलासोबत बागेत चालता आलं तरी समाधान मान.

मला त्या वाक्यातला तो 'तरी' कळतो. माझ्या गुडघ्याच्या वेळी मला जवळजवळ तसंच वाक्य ऐकायला मिळालं होतं.

ते असं झालं. २०२३च्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, भाड्याच्या टर्फवर, कुणीही अंगावर आलेलं नसताना मी वळले आणि गुडघा वळला नाही. एक आवाज आला, वाळकी काटकी मोडल्यासारखा. ज्यांची लिगामेंट तुटली आहे त्यांना तो आवाज माहीत असतो. ऑपरेशनमध्ये माझ्याच मांडीच्या मागचा टेंडन काढून गुडघ्यात बसवला. आपल्याच अंगाचा एक तुकडा काढून दुसरीकडे लावणं म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं. तो तुकडा रुजायला वेळ लागतो. नव्या जागेचं काम त्याला शिकावं लागतं.

ऑपरेशनच्या आधी मी ज्यांना दाखवलं, त्या डॉक्टरांनी एमआरआय बघून विचारलं, "काय करता?" मी म्हटलं, "नोकरी. आणि रविवारी फुटबॉल." ते हसले. म्हणाले, "जिने चढता-उतरता आले म्हणजे झालं की. आता या वयात फुटबॉल कशाला?" मी एकोणतीस वर्षांची होते. कोल्हापूरहून पप्पा आले होते, ते शेजारी बसले होते. त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर म्हणाले, "बरोबर बोललं की डॉक्टर. चालता येतंय न्हवं? मग?"

पप्पांना माझा राग नव्हता, भीती होती. डॉक्टरांचंही वैद्यकीयदृष्ट्या फार काही चुकलं नसेल. पण त्या दोघांनी मिळून माझ्या आयुष्यातली एक जागा परस्पर रिकामी करून टाकली होती. अजून मी ती सोडलेली नव्हती.

*

'परत येणं' या शब्दांत मराठीत दोन गोष्टी एकत्र राहतात. आजारातून, दुखापतीतून उभं राहणं आणि घरी पोचणं. आपण दोन्हीला परत येणंच म्हणतो. मला वाटतं, भाषेला काहीतरी ठाऊक आहे. परत येण्यासाठी पाय बरे हवेत हे खरं, पण ज्या जागी यायचं ती जागाही असायला हवी. आणि जागा आपोआप टिकत नाही. आपण तिथे नसताना ती कुणीतरी राखावी लागते.

काझोर्लाची गोष्ट मी आता अशी वाचते. त्याची जागा कुणी कुणी राखली?

आधी आर्सेनलने. त्याचा करार २०१७च्या उन्हाळ्यात संपत होता. जानेवारी २०१७मध्ये, तो कधी खेळेल याची कुणालाच खात्री नसताना, क्लबने करार एका वर्षाने वाढवला. मॅनेजर होते आर्सेन वेंगर. फुटबॉलचा धंदा बघता ही साधी गोष्ट नाही. दुखापतीतला खेळाडू म्हणजे हिशेबाच्या वहीत नुसता खर्च. त्या एका वर्षामुळे काझोर्ला क्लबविना खेळाडू झाला नाही. तो 'आर्सेनलचा, पण सध्या जायबंदी' राहिला. कंसातल्या एका शब्दाने माणूस किती तगतो, हे मला नंतर कळलं.

मग डॉक्टर सांचेझ, आणि त्यानंतर सालामांका शहरातले फिजिओ. घरापासून लांब राहून तो महिनोन् महिने रोज व्यायाम करत होता. या सगळ्याला पैसा लागतो आणि त्याच्याकडे तो होता, हेही सांगायला हवं. ज्यांना इच्छाशक्ती आहे पण सर्जनचा खर्च झेपत नाही, अशी माणसं मी माझ्या फिजिओच्या हॉलमध्ये रोज पाहिली. त्यातली काही दोन महिन्यांनी यायची बंद झाली. त्यांनी हार मानली, असं म्हणायची माझी तयारी नाही.

मे २०१८मध्ये आर्सेनलने त्याला निरोप दिला. आता तो तेहतीस वर्षांचा, दीड वर्षाहून जास्त काळ एकही सामना न खेळलेला, घोट्यावर हाताची कातडी असलेला मिडफिल्डर होता. त्याला व्हियारेआलने बोलावलं. आधी हंगामपूर्व सरावात सामील करून घेतलं, पाय बघितला, मग करार केला. त्याच्या स्वागताला त्यांनी स्टेडियममध्ये चक्क जादूगार आणला. रिकाम्या काचेच्या नळकांड्यात धूर भरला, आणि धूर विरला तेव्हा आत काझोर्ला उभा! मी तो व्हिडिओ ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बघितला आणि डबा तसाच राहिला.

त्या हंगामात तो चाळीसहून अधिक सामने खेळला. ३ जानेवारी २०१९ला रेआल माद्रिदविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली, त्यात व्हियारेआलचे दोन्ही गोल त्याचे. दुसरा तर हेडरने, मैदानातल्या सगळ्यात बुटक्या माणसांपैकी एकाने. त्या वर्षी व्हियारेआल खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचलं. २०१९मध्ये त्याला पुन्हा स्पेनच्या संघात बोलावलं गेलं, जवळजवळ चार वर्षांनी, आणि त्या नोव्हेंबरमध्ये माल्टाविरुद्ध त्याने गोलही केला. पुढच्या हंगामात, वयाच्या पस्तिशीत, लीगमध्ये ११ गोल. रीलवाले बहुतेक इथे थांबतात.

*

माझी जागा राखली ती एका व्हॉट्सॲप ग्रुपने.

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये दर गुरुवारी रात्री यादी पडते. चौदा नावं, ज्याने हो म्हटलं त्याचा नंबर. टर्फचे पैसे चौदा जणांत वाटले जातात. मी पडल्यानंतरच्या गुरुवारी यादी आली तेव्हा मी फोन उलटा करून ठेवला. तासाभराने बघितलं. चौदा नावांच्या खाली एक ओळ सोडून पंधरावं नाव माझं होतं. पुढे कंसात 'गुडघा'. बाकी काही नाही, फुलं नाहीत, 'लवकर बरी हो' नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. यादी करणारा पोरगा बदलला, त्याने जुनी यादी कॉपी केली, तर पंधराव्या ओळीसकट. दिवाळीत निम्मे जण गावी गेले, यादीत आठच नावं आली, तरी खाली एक ओळ सोडून मी होतेच. सत्तेचाळीस आठवडे. मी मोजले आहेत, कारण त्या दिवसांत मोजण्याशिवाय मला फारसं काम नव्हतं. पाय किती अंशांत वाकतो, एका पायावर किती सेकंद उभी राहते, आणि यादी.

पप्पांना मी एकदा ती यादी दाखवली. ते बघत बसले. मग म्हणाले, "कंसात का लिहिलंय?" मी म्हटलं, "म्हणजे सध्या नाही, पण आहे." ते काही बोलले नाहीत. पण त्यांना कळलं असणार. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीचा संघ हरत असतानाही पप्पा चाळीस वर्षं शाहू स्टेडियमवर जात आले आहेत. संघ हरला की शिव्या घालतात, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तिथेच बसतात. जागा राखणं म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच शिकले असेन, फक्त त्याला तेव्हा नाव नव्हतं.

*

म्हणूनच मला ओव्हिएडोचे लोक परके वाटत नाहीत.

२००३मध्ये क्लब चौथ्या दर्जात कोसळला, तेव्हा आता हा संपला असंच सगळ्यांना वाटलं. शहरात दुसराच एक क्लब पुढे आणायचा प्रयत्नही झाला. पण लोक जुन्या क्लबलाच धरून राहिले. चौथ्या दर्जाच्या सामन्यांना, जिथे एरवी शे-दोनशे माणसं यायची, तिथे ओव्हिएडोसाठी हजारोंनी लोक जात राहिले.

२०१२च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा संकट आलं. काही दिवसांत सुमारे वीस लाख युरो जमले नाहीत तर क्लब कायमचा बंद. मग क्लबने शेअर विकायला काढले, १०.७५ युरोला एक. तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ओव्हिएडोत घडलेली तीन पोरं खेळत होती. आर्सेनलमध्ये काझोर्ला, चेल्सीमध्ये हुआन माता, स्वान्सीमध्ये मिचू. तिघांनीही पैसे घातले. स्पॅनिश फुटबॉलवर लिहिणारा इंग्रज पत्रकार सिड लो तरुणपणी ओव्हिएडोत शिकलेला. त्याने ही गोष्ट जगभर पोचवली. ज्यांना नकाशावर ओव्हिएडो दाखवता आलं नसतं, अशा देशोदेशींच्या हजारो लोकांनी एक-एक, दोन-दोन शेअर घेतले. शेवटी मेक्सिकोचे अब्जाधीश कार्लोस स्लिम यांनीही पैसे गुंतवले. क्लब वाचला.

तारखा जुळवून बघा. त्या नोव्हेंबरमध्ये काझोर्ला आर्सेनलमध्ये नवा होता, सत्तावीस वर्षांचा, कारकिर्दीच्या शिखरावर. घोटा शाबूत होता. ओव्हिएडो तेव्हा तिसऱ्या दर्जात होतं. तो क्लब वाचवत होता, तेव्हा आपण कधी तिथे खेळू असं त्याच्या मनात असेल की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्या हजारो लोकांबरोबर त्याने जी जागा राखली, ती अकरा वर्षांनी त्याच्याच कामी आली.

२०२०मध्ये, प्रेक्षक नसलेल्या कोरोनाच्या स्टेडियममधून, तो व्हियारेआलचा निरोप घेऊन कतारला अल सद्दमध्ये गेला. तिथे प्रशिक्षक होता त्याचा जुना सहकारी झावी. आणि ऑगस्ट २०२३मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो ओव्हिएडोला परतला. फुकटच खेळायची तयारी होती, पण नियमात ते बसत नव्हतं. मग लीगमध्ये देता येईल तेवढा किमान पगार त्याने घेतला. आणि अट घातली की त्याच्या नावाच्या शर्टविक्रीतले दहा टक्के क्लबच्या लहान मुलांच्या अकादमीला जावेत.

त्या ऑगस्टमध्ये माझा गुडघा नव्वद अंशांपुढे जेमतेम वाकत होता. ही बातमी वाचून मला स्फूर्ती वगैरे आली नाही. मला हसू आलं. वीस वर्षांनी, युरोप फिरून, दोन युरो जिंकून, पायावर हाताची कातडी घेऊन हा माणूस त्याच्या जुन्या क्लबकडून पदार्पण करणार होता. पदार्पण!

पहिल्या वर्षी जमलं नाही. जून २०२४मध्ये ओव्हिएडो वर जाण्याच्या अंतिम लढतीत एस्पान्योलकडून हरलं. त्याच सुमारास मी पहिल्यांदा टर्फवर परत गेले. दहा मिनिटं खेळले, वळायची हिंमत झाली नाही, सगळे पास सरळ रेषेत दिले. त्या गुरुवारी यादीत माझं नाव नववं होतं, कंसाशिवाय.

दुसऱ्या वर्षी ओव्हिएडो पुन्हा तिथवर आलं. उपांत्य फेरीत अल्मेरियाविरुद्ध घरच्या मैदानावर काझोर्लाने फ्री किकवर गोल केला. अंतिम लढत मिरांदेसशी. पहिला सामना ओव्हिएडो ०-१ हरलं. २१ जून २०२५ला कार्लोस तार्तिएरे स्टेडियमवर दुसरा सामना. मिरांदेसने आधी गोल केला, म्हणजे आता एकूण दोन गोलांची पिछाडी. मग ओव्हिएडोला पेनल्टी मिळाली. चेंडू चाळीस वर्षांच्या काझोर्लाने ठेवला. सतरा वर्षांपूर्वी, इटलीविरुद्ध, त्याने एक पेनल्टी इनिएस्ताच्या जागी येऊन मारली होती. ही त्याच्या स्वतःच्या जागेवरून होती. गोल झाला. पुढे चाइराचा गोल आणि जादा वेळेत पोर्तियोचा. ३-१. ओव्हिएडो २४ वर्षांनी ला लीगामध्ये परतलं. इथे तोवर २२ जून उजाडला होता.

मी तेव्हा कोल्हापुरात होते. सकाळी पप्पांना हायलाइट्स दाखवल्या. त्यांना काझोर्ला माहीत नव्हता. त्यांनी पेनल्टी पाहिली, मग मैदानात उतरलेली माणसं पाहिली, रडणारे म्हातारे पाहिले. त्या म्हाताऱ्यांवर त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "ही माणसं चौथ्या दर्जात असताना पण येत होती काय?"

मी म्हटलं, "येत होती."

"मग गोल त्यांचाच की," पप्पा म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मला या गोष्टीतला सगळ्यात लहान आकडा लक्षात राहिलाय, दहा टक्के. ओव्हिएडोमध्ये कुणी काझोर्लाच्या नावाचा शर्ट घेतला की त्यातला एक वाटा अकादमीतल्या मुलांसाठी जावा, अशी ती अट होती. दहा-बारा वर्षांची ती मुलं क्लबच्या वरच्या संघाकडून खेळायचं स्वप्न बघतात. २००३मध्ये त्याच अकादमीतून एक अठरा वर्षांचा मुलगा बॅग भरून निघाला होता, कारण वरच्या संघाचाच पत्ता नव्हता.